लोइस ब्रन्स जामीन राहत नाही

लोइस ब्रन्सला कोणाचंच कौतुक नव्हतं. अंड्यांचं थोडंफार होतं.

सेंट ओडिलियाच्या वेशीबाहेर, मक्याच्या शेतांत, अंड्यांचा कारखाना आहे. तिथे तिची उमर गेली. पट्ट्याखाली दिवे, पट्ट्यावरून सरकत जाणारी अंडी आणि बाजूला उभी लोइस. तडा गेलेलं, आत रक्ताचा ठिपका असलेलं अंडं तिला लांबूनच दिसायचं. ती ते उचलून बाजूला टाकायची. माणसांकडेही ती तशीच बघायची. फरक एवढाच, की माणसं उचलून बाजूला टाकता येत नव्हती. विशेषतः धाकटा भाऊ, ड्वेन.

तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मला मागणी घालणारे सगळे तुमच्या ओळखीचेच आहेत. मग विचारता कशाला?" आईवडील गेल्यावर भावाचा हिस्सा त्याला मोजून देऊन तिने घर स्वतःच्या नावावर केलं, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज जादा पाळ्या करून फेडलं. त्या हिश्शाच्या पैशातून ड्वेनने मोटरबोट घेतली. बोट तळ्यात एक उन्हाळा चालली. पुढे ती अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला, की इंजिनाचा एक भाग यायचा आहे.

ड्वेन हा नॉर्ब वेनिंगच्या दुकानात गवत कापायची यंत्रं विकायचा. बसून चालवायची, ट्रॅक्टरसारखी. गिऱ्हाइकाशी बोलणं त्याला छान जमायचं. अडचण अशी, की घरी आल्यावरही समोर गिऱ्हाईकच बसलंय असं त्याला वाटायचं. तीन वर्षांपूर्वी हप्ते थकले म्हणून बँकेची माणसं भल्या पहाटे त्याचा ट्रक ओढून घेऊन गेली. सगळ्या गल्लीने पडद्याआडून पाहिलं. ड्वेनने सांगितलं, ट्रक विकला. आणि त्याच गल्लीतल्या लोकांनी अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "किंमत बरी आली का रे?" असलं गाव. लोइसला त्याचीही घृणा होती. पण ती गाव सोडून कधी गेली नाही.

ड्वेनला एकच मुलगी, टॅरिन. बारावीत होती. लोइसला तिच्यात अजून तडा सापडला नव्हता. म्हणजे तिने शोधला नव्हता.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, दर शुक्रवारी होतं तसं, चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. सगळा गाव तिथे. लांब टेबलं, कागदी ताटल्या, बिअर. ड्वेन हातात कागद नाचवत आला. अंगात नवाकोरा जाड शर्ट. छातीवर मोठ्या अक्षरांत 'वेदरली', खाली बारीक अक्षरांत 'डॅड'.

"पूर्ण!" तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. "पूर्ण शिष्यवृत्ती. बाकी शून्य. वाचा."

वेदरली म्हणजे पूर्वेला तीन तासांवरचं खासगी कॉलेज. गावातून तिथे कोणी गेलेलं नव्हतं. कागद हातोहात फिरला. बायकांनी छातीवर हात ठेवले. नॉर्ब वेनिंगने सगळ्यांसाठी बिअर मागवली. नॉर्बची मुलगी पेज टॅरिनच्याच वर्गात होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, हे लोइसने पाहिलं.

कागद लोइसपाशी आला. तिने बोटं पुसली, चष्मा लावला.

अभिनंदन टॅरिन, तुझ्यासाठी पुढील मदत मंजूर झाली आहे, असं वर छापलं होतं. खाली तीन ओळी. कॉलेजची शिष्यवृत्ती, एकवीस हजार डॉलर. केंद्र सरकारचं विद्यार्थी-कर्ज, साडेपाच हजार. पालकांसाठीची केंद्रीय योजना, साडेएकोणीस हजार. मग जाड रेघ. भरायची बाकी, शून्य.

"ड्वेन," ती म्हणाली, "पालक म्हणजे कोण रे?"

"म्हणजे आम्ही. मी आणि मार्शिया."

"मग हे साडेएकोणीस हजार सरकार तुला फुकट देणार आहे?"

"योजना आहे ती."

"कर्जाची?"

"लोइस, ओळीत कुठे कर्ज लिहिलंय का? वरच्या ओळीत लिहिलंय. म्हणजे जिथे कर्ज आहे तिथे ते लिहितात. खालच्या ओळीत नाही लिहिलं." तो सगळ्यांकडे वळून हसला. "पस्तीस वर्षं अंडी बघून माणूस असं होतं बघा."

टेबल हसलं. लोइसने कागद घडी घालून परत दिला. तीही हसली असती, पण तोंडात मासा होता. समोर बसलेल्या टॅरिनकडे तिचं लक्ष गेलं. टॅरिन बापाकडे बघत नव्हती. ताटलीतल्या कोबीकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. तिने ती तिसरी ओळ वाचली होती. कळलीही होती. आणि ती गप्प बसली होती, कारण तिला जायचं होतं.

खालची ओळ कर्जाचीच निघाली. अर्ज संगणकावर भरायचा होता. उत्तर यायला एक मिनिटही लागलं नाही. ट्रक ओढून नेल्याची नोंद अजून ताजी होती आणि त्या ट्रकच्या कागदांवर मार्शियाचीही सही होती. दोघांनाही नकार.

त्या रविवारी ड्वेन लोइसकडे आला. हातात मार्शियाने केलेला पीचचा केक. लोइसने आधी केककडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"किती?" ती म्हणाली.

"बस तरी म्हण."

"बस. किती?"

"पैसे नकोत गं मला तुझे. एक सही हवीय. जामीन. नावापुरता."

"नावापुरतंच असेल तर गल्लीतल्या कुत्र्याचं नाव लाव."

"लोइस, पोरीचा प्रश्न आहे."

"पोरीचा प्रश्न तू हॉलमध्ये सोडवलास. बिअर प्यायले सगळे."

तो खुर्चीत मागे रेलला. मग त्याने आवाज खाली आणला. गिऱ्हाईक उठून जायला लागलं की तो असाच आवाज खाली आणायचा. "तिने तिथल्या खोलीसाठी चादरी पण आणल्यात," तो म्हणाला. "स्वतःच्या पैशांनी. आइस्क्रीमच्या दुकानात काम करून."

हे मात्र खरं असावं. लोइसने केक कापला. एक तुकडा स्वतःला घेतला, त्याला दिला नाही.

"दर वर्षी साडेएकोणीस," ती म्हणाली. "म्हणजे चार वर्षांचे अठ्ठ्याहत्तर. तू थकलास की माझ्याकडे येणार. मी एकसष्टची आहे, ड्वेन. चार वर्षांनी मला त्या पट्ट्याजवळून निघायचंय. हे घर आहे म्हणून निघता येईल. दुसरं माझ्याकडे काही नाही."

"मी थकणार नाही."

"तू जन्मापासून थकलेला आहेस."

तरी तिने नाही म्हटलं नाही. चादरींचं तिच्या डोक्यात राहिलं. ती म्हणाली, "सही करायच्या आधी माल बघणार."

निवड झालेल्या मुलांना कॉलेज दाखवायचा एक शनिवार असतो. त्या शनिवारी तिघं निघाले. लोइस मागच्या सीटवर बसली. मांडीवर हॅमच्या सँडविचचा डबा. कॉलेजच्या जेवणाचे पैसे आपल्याकडूनच वसूल होणार, तर त्यांचं कशाला खा, असा तिचा हिशेब होता.

वेदरली सुंदर होतं. त्याचाच तिला जास्त राग आला. लाल विटा, वर चढलेल्या वेली, हिरवळ अशी की ड्वेन दोनदा खाली वाकून गवत किती उंचीवर कापलंय ते बघून आला. एकाच रंगाचे शर्ट घातलेली पोरं फुकट लिंबूसरबत वाटत होती. व्यायामशाळेत चढायला खोटा डोंगर केलेला होता. अध्यक्ष नावाचा माणूस मंडपात बोलला. त्याने गळ्याला फुलपाखरासारखा बो टाय बांधला होता. खर्च हा शब्द विसरा, म्हणाला, ही गुंतवणूक आहे. लोकांनी माना डोलावल्या. त्यांत निम्मे ड्वेनसारखे होते. अंगात नवेकोरे शर्ट, चेहऱ्यावर घाम.

त्यांना हिंडवणाऱ्या मुलीला लोइसने विचारलं, "तू काय शिकतेस गं?"

"नेतृत्वशास्त्र, मॅम."

"कोणाचं करणार?"

"काय?"

"नेतृत्व."

मुलगी गोड हसली. असल्या म्हाताऱ्या बायकांपुढे गोड हसायचं, हे तिला शिकवलेलं असावं. "इथे आम्ही सगळे परिवार आहोत," ती म्हणाली, आणि लोइसच्या हातात कापडी पिशवी दिली. पिशवीवर कॉलेजचं नाव होतं. आत एक पेन होतं.

टॅरिन त्यांच्यापासून दहा पावलं पुढे चालत होती. हळूहळू वीस झाली. मग ती कुठल्याशा मुलीबरोबर कट्ट्यावर बसलेली दिसली. लोइस बुटाची नाडी बांधायला थांबली.

"कुठली तू?" त्या मुलीने विचारलं.

"कोलंबसची," टॅरिन म्हणाली.

कोलंबस म्हणजे राज्याची राजधानी. टॅरिन तिथे शाळेच्या सहलीला एकदा गेली होती. लोइसने नाडी बांधली. बापाचं रक्त, तिच्या मनात आलं. पण बाप खोटं बोलायचा तेव्हा त्याचे हात हलायचे, मान हलायची, सगळं अंग विक्रीला निघायचं. ही मुलगी खोटं बोलताना स्वस्थ होती. खांदे खाली आलेले. पाय सैल सोडून बसलेली. सेंट ओडिलियात ती असं बसलेली लोइसने कधी पाहिलं नव्हतं. इथे कोणाला तिचा बाप माहीत नव्हता. ट्रक नाही, बोट नाही.

पैशांचं कार्यालय तळमजल्यावर होतं. समोर प्रेस्टन नावाचा पोरगा बसला होता. टायवर कॉलेजचं चिन्ह, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांचं भांडं.

"तुम्ही आत्या ना? वेदरली परिवारात स्वागत!"

"मी परिवारात आलेली नाही," लोइस म्हणाली. "सही करायला आलेय. अजून केलेली नाही."

प्रेस्टनने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. सगळं सोपं होतं, म्हणाला. व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. रक्कम देतानाच सरकार चार टक्क्यांहून थोडं जास्त कापून घेतं. हप्ते मुलीचं शिक्षण संपेपर्यंत पुढे ढकलता येतात, व्याज तेवढं चढत राहतं. हे सगळं तो हवामानाच्या बातम्या द्याव्यात तसं बोलत होता.

"आणि नोकरी लागली की टॅरिन फेडायला घेईल," ड्वेन म्हणाला.

"तसं तुम्ही घरात ठरवू शकता, सर. कर्ज मात्र पालकाच्याच नावावर राहतं. मुलीच्या नावावर करता येत नाही."

"म्हणजे नावापुरतं माझं."

"म्हणजे तुझंच, गाढवा," लोइस म्हणाली. "आणि जामीन?"

"सर हप्ते भरत असतील तर तुमचा काहीच संबंध नाही, मॅम."

"आणि सर भरत नसतील तर?"

प्रेस्टनने गोळ्यांकडे पाहिलं. "मग ते तुमच्याकडे वळतं."

"सगळं?"

"उरलेलं सगळं. व्याजासकट. पण ही सही फक्त या वर्षाच्या कर्जापुरती आहे." हे त्याने सवलत जाहीर केल्यासारखं सांगितलं. "पुढच्या वर्षी पुन्हा करायची."

"आणि मी मेलो तर सगळं माफ होतं!" ड्वेन एकदम म्हणाला. हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. "विचार त्याला. पालक मेला की माफ. तुलाही काही नाही."

"खरंय, मॅम," प्रेस्टन म्हणाला.

"वा," लोइस म्हणाली. "म्हणजे जन्मात पहिल्यांदा तू कोणाच्या तरी उपयोगी पडशील."

ड्वेन हसला. त्याला हसायचंच होतं. पडद्यावर रिकामी चौकट होती. तिथे नाव टाकायचं. खिडकीतून कट्टा दिसत होता. टॅरिन अजून तिथेच होती. ती काहीतरी सांगत होती, आणि ती दुसरी मुलगी पोट धरून हसत होती.

लोइसने 'लोइस' टाकलं.

तिची बोटं थांबली. "नकार तसाच राहू दिला तर काय होतं?" तिने विचारलं.

प्रेस्टन अडखळला. हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नसावं. "तर... पालकाला नकार मिळाला असेल तर विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर थोडं जास्त मिळतं. वर्षाला चार हजार. म्हणजे तिचे एकूण साडेनऊ होतील. पण मॅम, इथे ते पुरणार नाहीत."

"इथे नाही," लोइस म्हणाली.

सेंट ओडिलियापासून वीस मिनिटांवर, तळ्याकाठी, सरकारी विद्यापीठाची शाखा होती. शाखेत दोन वर्षं शिकली तर दर वर्षाची फी, पुस्तकं, पेट्रोल, सगळं साडेनऊ हजारांत बसून वर काही उरलं असतं. बापाच्या सहीचं एक अक्षर लागलं नसतं. नकार ही त्या घराला गेल्या कित्येक वर्षांत मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट होती.

"नकार राहू द्यायचा?" ड्वेन खुर्चीतून अर्धा उठला. "ब्रन्स माणसाला कोणी नकार देत नाही."

"तुला महिन्यापूर्वीच दिलाय. एका मिनिटात."

"तो आपण उलटवायला आलोय ना!"

लोइसने पडद्याकडे पाहिलं. आपल्या अर्ध्या नावाकडे. मग ते एक एक अक्षर पुसलं. तिला भावाची घृणा वाटत होती, या पोरग्याची वाटत होती, बो बांधलेल्या अध्यक्षाची वाटत होती, आणि त्या सगळ्यापेक्षा जास्त ते गोळ्यांचं भांडं डोळ्यांत खुपत होतं. खिडकीकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

गाडीतळावर ड्वेन ओरडला. इतर कुटुंबं हातात पिशव्या घेऊन जवळून जात होती. ती जवळ आली की तो आवाज खाली घ्यायचा, पुढे गेली की पुन्हा वर न्यायचा. लोइस गाडीला टेकून सँडविच खात होती. टॅरिन कट्ट्यावरून आली. तिला दुरूनच कळलं.

"तू सही करणारच नव्हतीस, आत्या."

"करत होते. अर्धं नाव टाकलं होतं."

"मग बघायला आलीस? मजा?"

"तुला स्वतःच्या नावावर जास्त मिळतं. तळ्याकाठी—"

"तळ्याकाठी!" ड्वेन म्हणाला.

टॅरिनने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती लोइसच्या अगदी जवळ आली. हळू बोलली. "तुला सगळे मूर्ख वाटतात ना? म्हणून तू कुठे गेली नाहीस. जाशील तिथे मूर्खच भेटणार, मग घरचेच काय वाईट. मला नाही वाटत गं सगळे मूर्ख. मला ती मुलगी आवडली."

उत्तर तयार होतं. तिचं नेहमीच तयार असायचं. तिने उरलेलं सँडविच डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

परत येताना लोइस पुन्हा मागच्या सीटवर बसली. रस्त्यात ड्वेनने पेट्रोल भरलं आणि सगळ्यांसाठी शेंगदाणे आणले. कोणी खाल्ले नाहीत म्हणून त्याने एकट्याने खाल्ले.

एवढ्यावर थांबेल तर तो ड्वेन कसला. सोमवारी त्याने दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, नॉर्ब वेनिंगला विचारलं. नॉर्ब म्हणाला, "अरे, त्यात काय एवढं!" नॉर्बची तीन दुकानं होती. गिऱ्हाइकांसमोर मोठं मन दाखवायची संधी तो कधी सोडत नसे. बुधवारपर्यंत अंड्यांच्या पट्ट्यावर ही बातमी आली. लोइसच्या शेजारची बाई म्हणाली, "नॉर्ब म्हणजे देवमाणूस हं." लोइस म्हणाली, "देवाला निदान जाहिरात लागत नाही." पण रात्री तिला झोप आली नाही. आता टॅरिन जाणार. आणि गेली तर गेली, त्यात आपलं काय गेलं, याचं उत्तर तिला सापडत नव्हतं.

त्या रविवारी दुपारी दारात टॅरिन उभी. हातात लॅपटॉप.

"तुझ्याकडे इंटरनेट आहे ना?"

"पत्ते खेळायला लागतं मला. का?"

"आमचं तोडलंय. बिल भरलं नाही." ती आत आली, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली. "कर्ज घेण्याआधी सरकारचा धडा वाचायला लागतो. अर्धा तास. नंतर प्रश्न."

"नॉर्बच्या सहीवर?"

"नाही. नॉर्बला मी काल नको म्हणून सांगितलं. डॅडलाही. नकार तसाच राहू दे म्हटलं." तिने लॅपटॉप उघडला. "तू बरोबर होतीस म्हणून नाही हं."

"बरं."

"शुक्रवारी पेज वेनिंग कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, माझे डॅड तुझ्या कॉलेजला जामीन राहिलेत, पण थँक यू नको म्हणूस, आम्ही अशी मदत करतोच." टॅरिनचा आवाज सपाट होता. "चार वर्षं. प्रत्येक सुट्टीत घरी आलं की ती मला थँक यू नको म्हणूस, असं म्हणणार."

कॉलेज सोडायला हे काही शहाणपणाचं कारण नव्हतं. लोइसला ते पुरेपूर कळलं. तिने स्वतः आयुष्यात जे जे नाकारलं, त्याला याहून मोठं कारण कधी नव्हतं. तिने ब्रेडला लोणी लावलं, मध्ये चीज घातलं, तवा ठेवला.

"शिक्षण पूर्ण केलं नाही तरी कर्ज फेडावं लागतं का?" टॅरिन वाचून दाखवू लागली.

"हो."

"शिक्षण आवडलं नाही तरी?"

"हो."

"नोकरी लागली नाही तरी?"

"हो गं. या प्रश्नांत नापास कोण होतं?"

"ज्यांना जायचंच असतं ते," टॅरिन म्हणाली. मग पुढचं पान उघडून म्हणाली, "मी दोन वर्षांनी जाणारच आहे. वेदरली नाही, पण दूर. सांगून ठेवते. इथे राहणार नाही मी. तुझ्यासारखी."

"ब्रेड करपतोय," लोइस म्हणाली. करपत नव्हता.

मेच्या शेवटी बारावीच्या मुलांसाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली. एकेक मूल पायरीवर उभं राहतं, फादर त्याचं नाव वाचतो आणि पुढे ते कुठे शिकणार ते वाचतो. लोक टाळ्या वाजवतात. मोठ्या नावाला मोठ्या टाळ्या. देवाच्या घरीही हा बाजार भरतो, असं लोइस दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी तिसऱ्या बाकावर बसायची. आदल्या आठवड्यात ड्वेन चर्चच्या कार्यालयात जाऊन आला होता. का, ते आता कळलं.

"टॅरिन ब्रन्स," फादरने वाचलं. "उच्च शिक्षण."

एवढंच. मागे कुठेतरी कोणीतरी नाकातून हसलं. ड्वेन समोर बघत होता. मानेवर कॉलरचा वळ उमटलेला. मार्शियाने डोळे मिटले.

टॅरिन पायरीवरून हलली नाही. "तळ्याकाठची शाखा, फादर," ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "घरून जाऊन-येऊन."

फादरने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. टाळ्या पडल्या. मोठ्या नाही, लहानही नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे बघून किती वाजवायच्या ते ठरवलं.

बाहेर हिरवळीवर कॉफी होती. नॉर्ब वेनिंग ड्वेनजवळ गेला. त्याने खांद्यावर हात ठेवला. "शाखा काही वाईट नाही रे," तो म्हणाला, आणि ती वाईट आहे हे सगळ्यांना ऐकू गेलं.

ड्वेनने कप रिकामा केला. क्षणभर त्याचा चेहरा रिकामा होता. मग आतला विक्रेता जागा झाला.

"आम्हीच नाही म्हटलं," तो म्हणाला. "काय सांगू नॉर्ब, सरकार मागे लागलं होतं. घ्या, घ्या. साडेएकोणीस हजार, दर वर्षी. मी म्हटलं, कशाला? पोरीच्या डोक्यावर बोजा कशाला? ब्रन्स लोक असलं कर्ज घेत नाहीत. वेदरलीलाही नकार दिला आम्ही. तोंडावर."

"असं," नॉर्ब म्हणाला. त्याच्याकडेच जामीन मागितला होता, हे तो विसरला नव्हता.

लोइस दोन पावलांवर होती. वाक्य तिच्या जिभेवर आलं. छोटं होतं, धारदार होतं. पाच-सहा शब्दांत ड्वेन त्या हिरवळीवर सगळ्यांसमोर उघडा पडला असता. पुन्हा वर्षभर गावाला पुरलं असतं. तिने तोंड उघडलं.

टॅरिन बापाच्या शेजारी उभी होती. तिने लोइसकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. नाही.

मग तीच नॉर्बला म्हणाली, "हो. डॅडने नको म्हटलं," आणि बापाच्या हातातला रिकामा कप घेऊन कॉफी भरायला गेली.